सहा मीटरचा दोर

माझं पोट मोजणीवर चालतं. जमिनीच्या मोजणीवर. सरकारी भाषेत मी भूकरमापक. लोक 'मोजणीवाले साहेब' म्हणतात, आणि ज्याच्या मनासारखी हद्द निघाली नाही तो मागे आणखी काय काय म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यात लोकांचे बांध मोजत फिरण्यात माझी अठरा-वीस वर्षं गेली. या कामानं माणसाला दोन सवयी लागतात. एक, कोणाच्याही चहाला पटकन हो म्हणायचं नाही. दुसरी, समोरचा 'थोडंसंच इकडंतिकडं' म्हणाला की कान टवकारायचे. बांध कोरणारा माणूसही हेच म्हणत असतो. दरसाल नांगराचं एक तास, म्हणजे फाळाची एक ओळ, पलीकडे सरकवतो आणि काही वर्षांनी शेजाऱ्याचा आंबा याच्या शेतात उभा असतो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत एका वर्तुळाची आहे आणि ते वर्तुळ मीच आखलं होतं.

बेचाळिसाव्या वर्षी मला इलेक्ट्रिक स्केटबोर्डचा नाद लागला. झालं असं, की उन्हाळा तोंडावर आला आणि घरच्या कुलरची मोटर जळाली. यवतमाळजवळ लोहारा गावी औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एकाचं मोटर भरण्याचं, जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देण्याचं, दुकान आहे. सगळे त्याला भाई म्हणतात, मीही म्हणतो. तो मला लांबूनच 'जयभीम साहेब' म्हणतो आणि मी 'सलाम भाई'. एवढ्यावर आमची बारा वर्षांची ओळख. त्या दिवशी त्याच्या टेबलावर एक फळी उलटी पडली होती. खाली चार चाकं, चाकांना पट्टा, आणि मुठीएवढ्या दोन मोटरी. कॉलेजातली काही मुलं असली एक फळी दुरुस्तीला टाकून गेली ती परत फिरकलीच नाहीत. भाईनं ती खोलून पाहिली, समजून घेतली आणि तशीच दुसरी स्वतः बनवली. सागाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून फळी, भंगारातल्या स्कूटरच्या बॅटरीतले जिवंत सेल निवडून बॅटरी. फक्त चाकं आणि त्यांचे दांडे तेवढे बाहेरून मागवले होते. वर उभं राहायचं, हातात रिमोट धरायचा. अंगठा पुढे केला की फळी पळते, मागे ओढला की थांबते.

याचा उपयोग काय, असं मी विचारलं. भाई म्हणाला, उपयोग असता तर मी बनवलीच नसती, गिऱ्हाइकानं बनवून घेतली असती. मला हे उत्तर आवडलं. दिवसभर मी उपयोगाच्या जमिनीवरून भांडणारी माणसं बघतो.

पहिल्या दिवशी मी तीनदा पडलो. बायकोनं कोपराला हळद लावली आणि मोजणीत कोणी हात उचलला का, असं शांतपणे विचारलं. फळीचं सांगितल्यावर मात्र ती रागावली. बांधावरच्या मारामारीत काही तरी कारण असतं, हे काय आहे, असं तिचं म्हणणं होतं. ते कारण शोधायला म्हणून मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

तिसरं माणूस नेरहून आलं. तिथल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या मॅडम. शाळेत जे काम कोणाचंच नसतं ते शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचं असतं, त्यामुळे शाळेच्या पाण्याच्या पंपाची जळालेली मोटर एसटीत घालून लोहाऱ्याला आणणं त्यांच्या वाट्याला आलं होतं. मोटर भरून होईपर्यंत त्या दुकानासमोर उभ्या होत्या आणि मी रस्त्यावर फळी घेऊन धडपडत होतो. थोडा वेळ त्यांनी बघितलं. मग पायातल्या चपला काढून ठेवल्या, रिमोट मागितला आणि कोणी काही शिकवायच्या आत कोपऱ्यापर्यंत जाऊन वळून परत आल्या. लहानपणी चाकांचे बूट घालून शर्यती धावलेल्या होत्या म्हणे. वळताना त्यांचे गुडघे आपोआप वाकले होते. माझे आजही आपोआप वाकत नाहीत, आठवण करून द्यावी लागते.

तेव्हापासून त्या महिन्यातले दोन-तीन रविवार येऊ लागल्या. नेरची बस दहाला पोचायची. त्या मला 'साहेब' म्हणत, मी त्यांना 'मॅडम'. आमच्यात दुसरं नातं जुळलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

फळीवर सरळ रस्त्यानं जोरात जायला अक्कल लागत नाही, बॅटरी लागते. खरी परीक्षा वळणावर. फळी ज्या बाजूला वळवायची त्या बाजूला अंग झुकवावं लागतं. कमी झुकलात तर फळी रुंद वळते आणि रस्त्याबाहेर जाते, जास्त झुकलात तर चाकं किरकिरतात आणि मग घसरतात. या दोन्हींच्या मधे एक बारीक जागा असते. ती जागा पायाला कळते, तोंडानं सांगता येत नाही. आणि जे तोंडानं सांगता येत नाही त्यावर तासन् तास वाद घालता येतो, तसा आम्ही घालायचो. भाई म्हणायचा मॅडम चांगल्या वळतात, मी म्हणायचो फळी नवीन असताना वळल्या म्हणून. शेवटी माझ्यातला मोजणीवाला जागा झाला. मी म्हटलं, मोजू.

मोबाइलवरचं मोजण्याचं अ‍ॅप आम्ही करून पाहिलं. फळीच्या थरथरीनं ते दर खेपेस वेगळंच बोलायचं. म्हणून मी जुनी पद्धत काढली. ठरावीक मापाचं वर्तुळ आखायचं, पुढचं चाक रेषेवर ठेवून दहा फेरे मारायचे, लागलेला वेळ मोजायचा. वर्तुळ केवढं आणि वेळ किती, एवढ्या दोन गोष्टींवरून वळणाचा आकडा निघतो. आकडा ०.५० आला तर समजायचं, की तुमच्या वजनाच्या निम्म्या ताकदीनं वळण तुम्हाला बाहेर ओढत होतं आणि तरी तुम्ही रेषा सोडली नाही. आकडा जेवढा मोठा तेवढं वळण पक्कं.

जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पटांगणाची. जिथे एकेकाळी कापसाच्या गंज्या लागायच्या तिथलं काँक्रीट अजून शाबूत होतं. चौकीदार म्हातारा, एकटा, बोलायला कोणी आलं तर त्याला हवंच होतं. कार्यालयातला फीता मी आणणार नव्हतो. सरकारी वस्तू रविवारी बाहेर काढायची नाही, हा माझा नेम, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. मी बाजारातून जाड सुती दोर आणला, एका टोकाला फास केला, बरोबर सहा मीटरवर लाल दोरा बांधला. मधे काँक्रीटला पाडलेल्या भोकात लोखंडी खुंटी, तिच्यात फास, आणि लाल दोऱ्यापाशी चुन्याची पिशवी धरून गोल चालत जायचं. दोर ताणून धरला की सहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ तयार. काम झालं की दोर चौकीदाराच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगून ठेवायचो.

दर रविवारी वर्तुळ नव्यानं आखायचं, आणि आखताना मॅडम खुंटीपाशी आणि मी चुन्यापाशी. हा नियमही मीच घातला होता. आमच्या खात्यात लगतधारकाला नोटीस दिल्याशिवाय मोजणी होत नाही. ज्याच्या शेताला ती हद्द लागते त्यानं समोर उभं राहून पाहिलं पाहिजे, नाहीतर रेषा कितीही बरोबर असो, ती मानली जात नाही. हे मी त्या दोघांना दोनदा ऐकवलं होतं. भाई म्हणाला, साहेब, खेळाचा पण सातबारा कराल तुम्ही.

हिवाळ्यात भाईला नागपूरच्या एका शर्यतीची खबर लागली. मोठं पार्किंगचं मैदान, त्यावर शंकू मांडून केलेला रस्ता. सरळ भाग नावापुरता, बाकी सगळी वळणं. भाईकडे शर्यतीच्या लायकीची फळी एकच होती.

"फळी एक अन् जाणारे दोघं," तो आम्हाला म्हणाला. "मी कोणाले नाही म्हणू? तुमचा आकडाच सांगन कोण जाते ते."

ठरलं, की प्रत्येकाच्या तीन खेपा, त्यातली उत्तम धरायची. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत ज्याचा आकडा मोठा तो नागपूरला.

मॅडमना जायचं होतं. तशा त्या मनातलं बोलणाऱ्या नाहीत, पण एकदा चाकातली माती काडीनं काढता काढता म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाले, पोरायले बसमधे घालून स्पर्धेले नेते मी. त्यायचे बूट सांभाळते, डबे सांभाळते. मले कोणी कधी नेलं नाही." एवढं बोलून त्या दुसऱ्या चाकाकडे वळल्या.

जायचं मलाही होतं, आणि तेही साधंसुधं नाही, रात्री झोपताना वळणं डोळ्यांसमोर यावीत इतकं. हजारो कागद मी हातानं केले, पण एकाही कागदावर माझं नाव वरच्या रकान्यात नाही. ते नेहमी खाली उजवीकडे, सहीपुरतं. कुठे तरी आपण अर्जदार म्हणून जावं असं मला फार वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. बेचाळीस वर्षांच्या माणसानं सांगण्यासारखं ते नव्हतंच.

मॅडमच्या तिन्ही खेपा शेवटच्या रविवारच्या आधीच झाल्या. उत्तम खेप दहा फेऱ्यांना साडेएकोणसत्तर सेकंद, आकडा ०.५०. माझ्या दोन झाल्या होत्या आणि दोन्हींत मी ०.४९ च्या वर गेलो नव्हतो. एक खेप उरली होती.

त्या रविवारी दुपारी मला एका नामकरणाला जायचं होतं. हे खरं आहे, पत्रिका अजून घरात असेल. म्हणून भाईला मी आदल्या दिवशी सांगितलं, की दहाची वाट बघत नाही, आठलाच उरकू. तो म्हणाला, मॅडमची तर खेप नाही, त्यांचं काय काम. मीही तेच म्हटलं. पटांगणात पोचलो तेव्हा गारठा होता. ऊन वर येऊन काँक्रीट चांगलं कोरडं होईपर्यंत थांबलो. मग खिळ्यावरचा दोर उतरवला. हाताला गार लागला. खुंटी ठोकली, दोर ताणला, चुना टाकला. भाई दुकान उघडून जरा उशिरा आला, तोवर वर्तुळ तयार होतं. त्यानं घड्याळ हातात घेतलं.

ती खेप छान गेली. शेवटच्या तीन फेऱ्यांत चाकं बारीक कुरकुरत होती आणि मी तीच बारीक जागा धरून होतो. अडुसष्ट सेकंद. हिशोब केला तर ०.५२. भाईनं कोळशानं तो आकडा जिनिंगच्या भिंतीवर लिहिला, मॅडमच्या आकड्याच्या वर.

दहा वाजून गेल्यावर मॅडम आल्या. माझी शेवटची खेप बघायला त्या नेरहून मुद्दाम आल्या होत्या. झाली, असं भाईनं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग वर्तुळाकडे, मग माझ्याकडे.

"साहेबाची मोजणी म्हणजे पक्की," असं म्हणून त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि आम्हाला गुळाच्या पोळ्या दिल्या. त्या पोळ्या त्यांनी घरून आणल्या होत्या त्या माझ्या जिंकण्यासाठी की स्वतःच्या, हे मी विचारलं नाही. मी दोन खाल्ल्या आणि नामकरणाला गेलो.

पुढच्या शनिवारी सुटी होती. सरावाला म्हणून मी पटांगणात गेलो तर मागच्या रविवारचा चुना तसाच होता. तिथे कोण येतंय पुसायला. दोर खिळ्याला होता, आता कडकडीत कोरडा. मी फास खुंटीच्या भोकाशी धरला आणि दुसरं टोक ताणत नेलं. लाल दोरा चुन्याच्या रेषेवर यायला हवा होता. तो रेषेच्या दीड वीत बाहेर गेला.

सुती दोर भिजला की आखडतो. हे समजायला कोणी भूकरमापक असावं लागत नाही. आमच्याकडे खाट ढिली झाली की आई तिच्यावर पाण्याचा शिपका मारायची, सकाळपर्यंत खाट ताणून बसलेली. दोर आखडला म्हणून वर्तुळ लहान झालं, लहान वर्तुळाचे दहा फेरे लवकर संपले आणि हिशोबात मी सहाच मीटर धरले. सगळं पुन्हा मांडून पाहिलं. माझा खरा आकडा ०.४९ निघाला. म्हणजे तोच, जो आधी दोनदा आला होता. बांध दीड वीत कोरला होता आणि कोरणारा मी.

मी चुना पायानं पुसून टाकला. हे सांगायला लाज वाटते, पण पुसला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पटांगणाकडे फिरकलोच नाही. सोमवारपासून मी कामाला लागलो आणि तीन दिवस कोणाला काही बोललो नाही. मनात बचाव तयार होता, आणि चांगला होता. चूक माझी नाही, दोराची. मुद्दाम केलेलं नाही. आणि दोन-तीन शतांशांचा तर फरक, पाय एकदा घसरला तरी तेवढा पडतो. 'थोडंसंच इकडंतिकडं' हे शब्द मी स्वतःशी वापरले नाहीत, पण अर्थ तोच होता.

गुरुवारी एका गावात फेरमोजणी होती. आता आमच्याकडे उपग्रहावरून बिंदू घेणारं यंत्र आहे, दोराबिराचं काम राहिलेलं नाही. पहिली मोजणी दुसऱ्या एका सहकाऱ्यानं केली होती आणि लगतच्या शेताची मालकीण, सत्तरीची बाई, त्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. मी सगळे बिंदू पुन्हा घेतले. आधीची हद्द बोटभरही चुकलेली नव्हती. तसं मी तिला सांगितलं आणि मग कायले अर्ज केला, असंही जरा खेकसून विचारलं, कारण ऊन झालं होतं.

ती काठीवर हात ठेवून म्हणाली, "रेषा बरोबर असन बाबू तुमची. पण मी नव्हती ना तिथी."

मी खाली बसून यंत्राचे पाय आवरले. तिच्याकडे बघवत नव्हतं. बरोबर असलेल्या रेषेसाठी या बाईनं अर्ज केला होता, आणि माझी तर रेषाच खोटी होती.

त्या संध्याकाळी मी एक नोटीस लिहिली. समोरासमोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून कार्यालयाची भाषा आडोशाला घेतली. 'याद्वारे कळविण्यात येते की, लोहारा येथील सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची फेरमोजणी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता करण्यात येईल. लगतधारक या नात्याने आपण समक्ष हजर राहावे.' खाली उजवीकडे सही. फोटो काढून मॅडमना पाठवला, तोच भाईला. भाईचा लगेच फोन आला, की साहेब तब्येत बरी आहे ना. मॅडमचं उत्तर रात्री आलं. एकच शब्द होता, 'हजर'.

रविवारी मी दुकानातून विकत आणलेला पोलादी फीता घेऊन गेलो. मॅडम, भाई आणि चौकीदार, तिघांसमोर दोराची गोष्ट सांगितली. म्हणालो, की चौकीदारानं टाकीतून पाणी काढायला दोर वापरला असावा, तो ओला होता, माझ्या लक्षात आलं नाही, शनिवारी लक्षात आलं. चौकीदार खिळ्यावरच्या दोराकडे बघत राहिला. भाई हसला आणि म्हणाला, वीस वर्षं जमीन मोजून दोरानं फसवलं तुम्हाला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फीत्याचं टोक खुंटीपाशी धरलं, आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मी चुना टाकला.

दोघांनी एकेक खेप घ्यायची ठरलं. मी आधी गेलो. सत्तर सेकंद, ०.४९. माझा आकडा माझ्याशी इमानदार होता, एवढं मान्य करावं लागेल. मग मॅडम. मी खुंटीपाशी उभा राहून बघत होतो. जातं फिरावं तशा एकसारख्या लयीत त्या वर्तुळावर फिरत होत्या. एकोणसत्तर सेकंद, ०.५१. भाईनं भिंतीवरचा माझा ०.५२ हातानं पुसला. कोळसा पूर्ण जात नव्हता, तरी पुसला. शर्यतीला नाव बदलायची मुभा होती, ते त्यानं तिथूनच फोन करून बदललं.

मला वाईट वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बरंही वाटलं, आणि दोन्हींपैकी काय जास्त होतं ते त्या दिवशी मोजलं नाही.

नागपूरला आम्ही तिघंही गेलो, भाईच्या ओळखीच्या एका टेंपोतून. मी मॅडमचे बूट आणि डबा सांभाळला. शर्यतीत बहुतेक मंडळी विशीची होती, फळ्या विकतच्या, झगझगीत. मॅडम पाचव्या आल्या. शेवटून दुसऱ्या वळणावर त्यांनी आतल्या बाजूनं दोघांना मागे टाकलं तेव्हा भाईनं माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. बायकोला हे काय म्हणून सांगायचं हा प्रश्नच होता. परतताना मॅडम पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि वर्ध्यापर्यंत काचेतून रस्त्याची वळणं बघत होत्या. मग म्हणाल्या, "चौथा आला तो पोरगा रुंद वळत होता." त्या खूश होत्या, हे मानेवरून कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे पटांगणात जमलो. भाई दुकानात होता. मी चुन्याची पिशवी उचलली तेव्हा मॅडम खुंटीपाशी बसलेल्या होत्या. फीता अजून त्यांच्या हातात गुंडाळलेलाच होता.

"चौकीदारानं मले सांगतलं होतं, साहेब," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काय.

"त्या दिवशी त्यानं तुमाले म्हटलं, का दोर ओला आहे, मी पाणी काढलं त्यानं, वाळू द्या. तुम्ही म्हटलं, चालते."

वर मी लिहिलं आहे, की दोर हाताला गार लागला. चौकीदार काय म्हणाला आणि मी काय म्हणालो, ते लिहिलं नाही. तिघांसमोरही सांगितलं नव्हतं. कागदावर सुद्धा माणूस आपल्या बाजूनं नांगराचं एक तास सरकवून घेतो. खरं एवढंच आहे, की त्यानं सांगितलं, मी ऐकलं, आणि 'चालते' म्हणालो. त्या क्षणी मला खाट आठवली होती, आई आठवली होती, आणि नागपूरही आठवलं होतं.

त्यांना हे कधी कळलं, असं मी विचारलं.

"फेरमोजणीच्याच दिवशी. तुम्ही फीता आणाले गाडीकडे गेलते तवा," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही सांगान. मग नागपूरले म्हटलं, येताना सांगान."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काही तरी बोललो असतो, माझा स्वभाव तसा आहे. मी फक्त 'हो' म्हटलं. 'मला माहीत होतं' हे शब्द तोंडातून यायला वेळ लागला, पण तेही आले.

मॅडम उठल्या. त्यांनी फीता माझ्या हातात दिला आणि हात पुढे केला.

"मंग आता चुना मी टाकीन."

मी पिशवी त्यांच्याकडे दिली आणि खुंटीपाशी जाऊन बसलो. त्याला आता दीड वर्ष झालं. जिल्ह्यात अजून माझ्या सहीवर हद्दी ठरतात, लोक भांडतात, मानतात. लोहाऱ्याच्या त्या पटांगणात मात्र चुना मॅडम टाकतात. मी टोक धरतो, आकडा मोठ्यानं वाचतो, आणि त्या खाली वाकून तो स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघून घेतात.